गेमचे अद्भुतरम्य पार्श्वसंगीत: एआय आणि सिंथेसायझर कोणत्या क्रमाने वापरावेत

गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या भागातल्या बऱ्याच मुलामुलींनी आपापल्या छोट्या गेमसाठी केलेले संगीत मला ऐकायला पाठवले. बहुतेक तुकड्यांत चूक एकच होती, कारण प्रत्येकाने काम उलट्या टोकाने सुरू केले होते. आधी एआयच्या साधनाकडून दोन मिनिटांचा छान तुकडा करून घेतला, तो गेममध्ये टाकला, आणि दोन मिनिटांनी तो थांबून पुन्हा पहिल्यापासून दणकन सुरू होतो हे लक्षात आल्यावर कापाकापी सुरू केली. असा तुकडा कितीही कापला तरी जुळत नाही, कारण त्याला सुरुवात आहे, चढ आहे आणि शेवट आहे. पार्श्वसंगीताला यातले काहीच नको असते. खेळणारा एकाच रानात वीस मिनिटे भटकतो आणि तेवढ्या वेळात ४८ सेकंदांचे आवर्तन, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा (लूप), त्याच्या कानावरून पंचवीस वेळा जाते.

या लेखात एआयची पाळी पाचव्या टप्प्यावर येते. त्याआधीचे चार टप्पे कंटाळवाणे वाटतील, परंतु काम तिथेच सुधारते किंवा बिघडते. उदाहरणासाठी एक छोटा द्विमितीय गेम धरू. त्यात तीन ठिकाणे आहेत: एक गाव, टिपेश्वरच्या जंगलासारखे सागाचे रान आणि रानाच्या टोकाला असलेली मंतरलेली पडकी गढी. तिन्ही ठिकाणांना वेगळे संगीत हवे, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना कान अडखळता कामा नये.

टप्पा १: प्रसंगांचा तक्ता कागदावर मांडा

संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत पाच रकाने आखावेत: ठिकाण, खेळणारा तिथे सलग किती वेळ थांबतो, तिथे संवाद आहेत का, कोणते आवाज सतत होत असतात आणि तिथून पुढे तो कुठे जातो. गेम करणाऱ्या मित्राला हे विचारून घ्यावे, स्वतः अंदाज बांधू नये. आमच्या उदाहरणात गावातला मुक्काम दोन-तीन मिनिटांचा आहे, रानातला वीस मिनिटांचा आणि गढीतला पाच मिनिटांचा. गावात संवाद भरपूर आहेत, रानात पावलांचा आणि पाचोळ्याचा आवाज सतत आहे.

यातून पहिला निर्णय आपोआप निघतो. जिथे मुक्काम सर्वांत लांब, तिथे संगीत सर्वांत विरळ ठेवावे. रानाला ठसठशीत चाल दिली तर ती पाचव्या फेरीला ओळखीची होते आणि दहाव्या फेरीला टोचू लागते. ठसठशीत चाल गावाला द्यावी, कारण तिथे माणूस थोडाच वेळ थांबतो आणि परत आल्यावर ती चाल ऐकून त्याला घरी आल्यासारखे वाटते.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: गेम कोणत्या इंजिनात, म्हणजे गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, फाइल कोणत्या प्रकारची हवी आणि संगीतासाठी एकूण किती एमबी जागा आहे. शेवटच्या दिवशी हे कळले तर सर्व काम पुन्हा करावे लागते.

टप्पा २: मात्रा, लांबी आणि सा आधीच ठरवा

मी मिनिटाला ८० मात्रा ही लय सुचवतो आणि त्यामागे हिशेब आहे. या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची होते, चार मात्रांचा एक बार बरोबर ३ सेकंदांचा आणि सोळा बारांचे आवर्तन बरोबर ४८ सेकंदांचे होते. मिनिटाला ९० मात्रा घेतल्या तर बार २.६६६… सेकंदांचा होतो आणि प्रत्येक कापणीला अपूर्णांक मागे लागतो. रेकॉर्डिंगचा दर ४८,००० नमुने (आवाजाची सूक्ष्म मोजमापे, सॅम्पल) प्रति सेकंद ठेवला की एका बारात १,४४,००० नमुने आणि पूर्ण आवर्तनात २३,०४,००० नमुने येतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. आठव्या टप्प्यात त्यांचा थेट उपयोग आहे.

ज्यांनी भजनी मंडळात तबला किंवा खंजिरी वाजवली आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. सोळा बार म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची आठ आवर्तने. आवर्तन संपून समेवर येताना कोणालाही धक्का बसत नाही, कारण शेवटच्या मात्रा समेकडेच नेत असतात. लूप तसाच बांधायचा असतो.

आता स्वर. गाव, रान आणि गढी या तिन्हींसाठी पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरायच्या आणि सा बदलायचा. पांढरी दोन, म्हणजे डी, हिला सा मानून पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की काफी थाटाचे (थाट म्हणजे सात स्वरांचा ठरावीक संच) स्वर मिळतात, ज्याला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात. कोमल गंधाराची किंचित उदासी आणि शुद्ध धैवताचा उजेड यांमुळे जुन्या काळातल्या गावाला तो शोभतो. पांढरी चार, म्हणजे एफ, हिला सा मानले की त्याच पट्ट्यांतून तीव्र मध्यमाचा कल्याण थाट उभा राहतो. तो लिडियन होय, आणि रानातल्या विस्मयाला त्याच्याइतके चपखल दुसरे काही मला सापडलेले नाही. पांढरी तीन, म्हणजे ई, सा मानली की भैरवी थाट, म्हणजे फ्रिजियन मिळतो. त्यातला कोमल रिषभ सा च्या अगदी जवळ असल्याने, खालच्या सप्तकात संथपणे वाजवला की गढीचा धाक निर्माण होतो.

तिन्हींचे स्वर एकच असल्यामुळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बेसूर काही ऐकू येत नाही. फक्त आधारस्वर सरकतो आणि जागा बदलल्याचे कानाला कळते.

इशारा: पेटी बहुधा मानक सुराला, म्हणजे ४४० हर्ट्झच्या ए ला, तंतोतंत जुळलेली नसते. पेटीवर चाल शोधावी, पण पेटीचे रेकॉर्डिंग सिंथेसायझरसोबत मिसळण्याआधी मोबाइलवरच्या ट्यूनरने फरक मोजावा.

टप्पा ३: यंत्र, वीज आणि शांतता यांची तयारी

साधा लॅपटॉप, तारेचा हेडफोन आणि जमल्यास २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कोणता स्वर कधी वाजला एवढेच संगणकाला कळवणारा) एवढे पुरते. ब्लूटूथ हेडफोन वाजवताना वापरू नये. पट्टी दाबल्यावर स्वर इतका उशिरा ऐकू येतो की हात आपोआप घाईने पडू लागतो आणि सर्व मात्रा पुढे सरकतात.

संगीत जोडण्यासाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो, ज्याची ६० दिवसांची चाचणी आवृत्ती पूर्ण क्षमतेने चालते. सिंथेसायझरमध्ये, म्हणजे संगणकावर कृत्रिम स्वर घडवणाऱ्या साधनांत, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड ही दोन्ही मुक्तस्रोत आणि मोफत आहेत, आणि व्हायटलची मोफत आवृत्ती मिळते. हे सर्व एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालते, आणि खेड्यात ही मोठी सोय आहे. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा साठा) २५६ नमुन्यांवर ठेवावा, म्हणजे उशीर साधारण ५ मिलिसेकंदांचा राहतो. सर्व थर एकत्र करताना तो १०२४ वर न्यावा, नाहीतर जुना लॅपटॉप खरखर करू लागतो.

आपल्याकडच्या अडचणींचा विचार आधीच करावा. भारनियमनात दोन तासांचे काम गेल्याचे अनेकांनी सांगितले आहे, म्हणून दर पाच मिनिटांनी फाइल आपोआप जतन होईल अशी सोय करावी. चार्जर लावून माइकवर रेकॉर्डिंग केले की ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घरघर आत शिरते. रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून बॅटरीवर काम केल्यास ती बहुतेक वेळा नाहीशी होते. उन्हाळ्यात कुलर बंद करून खोलीत बसवत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत माइकचे सर्व काम पहाटे चार ते सहाच्या दरम्यान उरकावे आणि दुपारी फक्त सिंथेसायझरचे काम ठेवावे.

तपासणी: प्रकल्पाची लय ८०, रेकॉर्डिंगचा दर ४८,००० आणि प्रत्येक नमुन्याची अचूकता (बिट डेप्थ) २४ बिट आहे ना, हे नव्या प्रकल्पात सर्वांत आधी पाहावे.

टप्पा ४: चाल स्वतःची, मग ती कितीही साधी असो

हा टप्पा गाळण्याचा मोह सर्वांना होतो. मला संगीत येत नाही, म्हणून तर एआय वापरतो, असे उत्तर मिळते. मात्र चार-पाच स्वरांची एक ओळ गुणगुणता येत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या लोककाव्याच्या ओळी, म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःचे म्हणणे रेकॉर्ड करून ऐकावे. चढउताराचा घाट त्यात तयार असतो.

कानात ८० च्या लयीचा मेट्रोनोम (मात्रा मोजून देणारा ठोका) लावून चार बारांची एक ओळ मोबाइलमध्ये गुणगुणावी. अशा दहा ओळी कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न ऐकता आठवेल ती ठेवावी. ही ओळ बेसिक पिच या मोफत साधनात टाकली की गुणगुणण्याचे मिडी स्वरांत रूपांतर होते. हे रूपांतर नेहमी अस्वच्छ असते. श्वासाच्या जागी इवलेसे खोटे स्वर येतात, एक लांब स्वर तीन तुकड्यांत फुटतो आणि मिंडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, जागी शेजारच्या दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्यासारखे दिसते. म्हणून पाव मात्रेपेक्षा लहान असलेला प्रत्येक स्वर तपासून गरज नसल्यास काढून टाकावा, फुटलेले स्वर जोडावेत आणि काळ्या पट्टीवर पडलेला स्वर जवळच्या पांढऱ्या पट्टीवर आणावा.

ही ओळ गावाची मुख्य ओळ झाली. रानासाठी तिचे पहिले तीनच स्वर घ्यावेत आणि ते आठ बारांत एकदा, लांबून आल्यासारखे वाजवावेत. गढीसाठी तेच तीन स्वर उलट क्रमाने खालच्या सप्तकात घ्यावेत. खेळणाऱ्याला हे नाते जाणीवपूर्वक कळत नाही, परंतु तिन्ही जागा एकाच जगातल्या आहेत हे त्याला जाणवते.

टप्पा ५: एआयकडून कच्चा माल घ्या, तयार तुकडा घेऊ नका

आता तुमच्याजवळ लय, लांबी, सा आणि ओळ आहे, त्यामुळे एआयकडे काय मागायचे हे नेमके सांगता येते. 'जादुई जंगलाचे भव्य संगीत' अशा मागणीवर ढोल, गायकवृंद आणि चढत जाणारा शेवट हेच येणार. मागणी इंग्रजीत लिहिलेली बरी, आणि तिच्यात वातावरणाच्या विशेषणांपेक्षा मोजता येतील अशा गोष्टी असाव्यात: फक्त वाद्यसंगीत, ८० बीपीएम (मिनिटाला मात्रा), एफ लिडियन, बांबूची बासरी, खालचा अखंड आधारस्वर, ढोल नको, गायन नको, चढ नको, शेवट नको. कोणत्याही संगीतकाराचे किंवा गाण्याचे नाव मागणीत घालू नये.

एका प्रसंगासाठी आठ-दहा तुकडे काढावेत आणि प्रत्येकातून फक्त पोत शोधावा: बासरीचा फुंकर मिसळलेला एखादा लांब स्वर, तारांचे थरथरणे किंवा दूरवरच्या घंटेसारखा नाद. असे दोन ते सहा सेकंदांचे अंश कापून वेगळे ठेवावेत. तुकडा पूर्णच्या पूर्ण वापरायचा नाही, हा नियम मोडला की आपण पुन्हा पहिल्या चुकीकडे परततो.

कापलेला प्रत्येक अंश दोन कसोट्यांवर तपासावा. पहिली सुराची: एआयने दिलेला स्वर कधी कधी मानकापेक्षा थोडा चढा किंवा उतरलेला असतो, आणि एकट्याने ऐकताना हे समजत नाही; सिंथेसायझरचा आधारस्वर खाली आला की दोन स्वरांच्या घर्षणाने कंप सुरू होतो. ट्यूनरवर जितका फरक दिसेल तितका अंश सरकवून घ्यावा. दुसरी लयीची: ८० मागितले तरी ८० मिळेलच असे नाही, आणि लय मध्येच सरकलेली असू शकते. म्हणून ठेक्याचा अंश एआयकडून घेऊच नये, लांब स्वर घ्यावेत.

इंटरनेटचा हिशेबही इथेच करावा. ४८,००० दराच्या २४ बिटच्या दोन वाहिन्यांच्या वेव्ह (असंकुचित) फाइलला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, त्यामुळे ऐकून निवड होईपर्यंत संकुचित फाइलवर भागवावे आणि निवडलेले तेवढेच वेव्हमध्ये उतरवावे.

हक्कांबाबत ढिलाई करू नये. सुनो या एआय साधनाच्या मोफत योजनेतले संगीत व्यावसायिक कामात वापरता येत नाही. म्युझिकजेन हे मेटा कंपनीचे एआय मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवता येते, पण मेटाने त्या मॉडेलचे वजनांक (मॉडेल ज्यांवर चालते ते शिकलेले आकडे) अव्यावसायिक परवान्याखाली दिले आहेत, आणि त्याचा आवाज ३२,००० दराचा असल्याने तो प्रकल्पाच्या दरात बदलूनच घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या मोबदल्याच्या कामात मी मोफत योजनेतून काढलेला बासरीचा अंश तीन ठिकाणी वापरला होता, आणि गेम विक्रीला जाण्याच्या आदल्या आठवड्यात तो सर्वत्र काढून ती बासरी नव्याने घडवावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक अंशासमोर साधनाचे नाव, योजना, तारीख आणि मागणीचा मजकूर वहीत लिहितो आणि त्या दिवशीच्या अटींचे पान जतन करतो. स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर गेम देताना एआयने तयार केलेल्या सामग्रीची माहिती जाहीर करावी लागते, तेव्हा ही वही थेट कामी येते. अमेरिकेत माणसाचा सर्जक सहभाग नसलेल्या निर्मितीला कॉपीराइट मिळत नाही. चौथ्या टप्प्यातली ओळ स्वतःची असावी याचे हेही एक सबळ कारण आहे.

टप्पा ६: सिंथेसायझरचे थर, खालून वर

थर नेहमी खालून वर रचावेत. बासरी आधी बांधली की तिच्या मोहात खालचे सर्व थर जास्त भरले जातात.

पहिला थर आधारस्वराचा. साइन लहर (सर्वांत साधा, शुद्ध नाद) घ्यावी आणि ती गावासाठी पांढरी दोनच्या खालच्या सप्तकात, सुमारे ७३ हर्ट्झवर ठेवावी. मोबाइलचा स्पीकर इतका खालचा स्वर जवळजवळ ऐकवतच नाही, म्हणून तिच्यावर थोडे सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्यावे. त्यातून १४७ आणि २२० हर्ट्झच्या आसपासचे वरचे नाद निर्माण होतात आणि लहान स्पीकरवरही कान मूळ स्वर ओळखतो.

दुसरा थर पॅडचा, म्हणजे पसरलेल्या स्वराचा. दोन सॉ लहरी (करवतीच्या दातांसारख्या, भरदार नादाच्या) घेऊन एक ८ ते १० सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढवावी आणि दुसरी तितकीच उतरवावी. लो-पास फिल्टर (वरचे नाद कापणारा) ८०० हर्ट्झच्या आसपास ठेवावा, अटॅक (स्वर चढायचा वेळ) दीड सेकंद आणि रिलीज (सोडल्यावर विरायचा वेळ) तीन सेकंद ठेवावा. आता फिल्टर हळूहळू उघडमीट व्हावा म्हणून एलएफओ (संथ, ऐकू न येणारी नियंत्रक लहर) लावायचा, आणि अगदी अनुभवी मुलेही इथे चुकतात. ०.१ हर्ट्झचा एलएफओ कानाला सुंदर वाटतो, पण त्याची एक फेरी १० सेकंदांची असते आणि ४८ सेकंदांत त्याच्या ४.८ फेऱ्या होतात. आवर्तन संपते तेव्हा फिल्टर अर्धवट उघडा असतो आणि नव्या आवर्तनाच्या आरंभी तो एकदम मिटतो. त्या जागी आवाजाचा रंग उडी मारतो. एलएफओ लयीला बांधून आठ बारांवर ठेवावा, म्हणजे एक फेरी २४ सेकंदांची होऊन आवर्तनात बरोबर दोन फेऱ्या बसतात. डिले (प्रतिध्वनी) आणि कोरस (स्वर दाट करणारा परिणाम) यांनाही हाच न्याय लावावा.

ऑसिलेटरची (लहर निर्माण करणाऱ्या भागाची) फेज, म्हणजे लहर कोणत्या बिंदूपासून सुरू होते ते, हीदेखील इथेच बघावी. बहुतेक सिंथेसायझरमध्ये प्रत्येक स्वर लहरीच्या वेगवेगळ्या बिंदूपासून सुरू होतो. सर्ज एक्सटीत रीट्रिगर चालू करावे, व्हायटलमध्ये फेजची यादृच्छिकता शून्यावर आणावी, म्हणजे प्रत्येक फेरीत तोच स्वर त्याच बिंदूपासून निघतो. सोळा बारांचा एकच अखंड स्वर धरण्यापेक्षा चार-चार बारांचे स्वर घ्यावेत आणि एकाचा रिलीज दुसऱ्याच्या अटॅकवर येऊ द्यावा.

तिसरा थर घंटेचा. डेक्स्डमध्ये दोन ऑपरेटर (एकमेकांवर परिणाम करणाऱ्या लहरी) घेऊन त्यांचे गुणोत्तर १ आणि ३.५ ठेवले की पूर्णांकात न बसणारे नाद तयार होतात आणि धातूचा भास होतो. ऱ्हास तीन सेकंदांचा ठेवावा. संध्याकाळी परतणाऱ्या बैलांच्या घंटांचा नाद जसा एकसारख्या अंतराने येत नाही, तशा या घंटा सोळा बारांत पाच किंवा सात ठिकाणी, मात्रेच्या किंचित मागे-पुढे पेराव्यात.

बासरी सर्वांत शेवटी. त्रिकोणी लहर, तिच्यात फिल्टर केलेला थोडा पांढरा गोंगाट (सर्व कंपनांची मिळून होणारी सळसळ), आणि स्वर लागल्यानंतर अर्ध्या सेकंदाने सुरू होणारे ५ हर्ट्झचे आंदोलन. पाचव्या टप्प्यात निवडलेला एआयचा अंश याच बासरीच्या मागे, अगदी हलका मिसळावा.

इशारा: १,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा संवादांचा आणि पावलांचा आहे. गावाच्या संगीतात तिथला आवाज ३ ते ४ डेसिबलने कमी ठेवावा.

टप्पा ७: एक खरा आवाज

सर्व काही सिंथेसायझरचे असले की संगीत कोणत्याही मुलखातले वाटते. एकच खरा आवाज मिसळला तरी ते आपल्या जागेवर येते. मी खंजिरी वापरतो, कारण ती आमच्याकडे गावोगावच्या भजनांत असते.

रेकॉर्डिंगसाठी गावातली सर्वांत चांगली खोली म्हणजे कापूस भरलेली खोली. डिसेंबर-जानेवारीत भाव येण्याची वाट पाहत घरात कापसाचा ढीग पडलेला असतो, आणि तो आवाज असा शोषून घेतो की टाळी वाजवली तरी प्रतिध्वनी येत नाही. फार वेळ बसले तर अंगाला खाज सुटते, म्हणून अर्ध्या तासात उरकावे. इतर महिन्यांत दोन गोधड्या दोरीवर टांगून कोपरा करावा. मोबाइल दीड फुटावर, खंजिरीच्या तोंडापासून थोडा बाजूला ठेवावा, आणि रेकॉर्डरमध्ये वेव्हचा पर्याय निवडावा. हलका, मध्यम आणि जोरदार अशा तिन्ही ताकदींचे प्रत्येकी किमान चार ठोके घ्यावेत आणि प्रत्येक ठोक्यातली झांज पूर्ण विरेपर्यंत हात हलवू नये. एकच ठोका पुनःपुन्हा वापरला तर यंत्राने वाजवल्यासारखे होते; सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या साधनात) चारही ठोके पाळीपाळीने येतील असे लावावे.

दुसऱ्याचे वादन घ्यायचे असेल तर आधी विचारावे. भजनी मंडळ असो किंवा कोलाम आदिवासींच्या पोडावरचा (वस्तीवरचा) ढेमसा नाच असो, हे वादन गेममध्ये विकले जाणार आहे हे स्पष्ट सांगून, त्यांचे नाव आणि मोबदला ठरवून मगच रेकॉर्ड करावे. विधीतले वादन कोणी 'हे बाहेर नको' म्हटले तर तिथेच थांबावे. अशी रेकॉर्डिंगे एआयच्या साधनात चढवू नयेत. त्यांची संमती तेवढ्यासाठी नव्हती.

टप्पा ८: आवर्तन जोडणे

सोळा बारांवर कापून फाइल काढली की शेवटच्या स्वराचे गुंजन तिथेच तुटते आणि नवी फेरी कोरडी सुरू होते. यासाठी शेवटी आवाज हळूहळू मिटवणे हा उपाय सर्वांत आधी सुचतो, आणि तोच सर्वांत चुकीचा आहे; त्याने दर ४८ सेकंदांनी संगीत विझते.

योग्य कृती अशी. सोळा बारांची संपूर्ण रचना तशीच्या तशी पुढे आणखी एकदा चिकटवावी, म्हणजे ३२ बार होतात. ३२ बारांची फाइल काढावी आणि तिच्यातले पहिले १६ बार टाकून देऊन दुसरे १६ बार ठेवावेत. दुसऱ्या फेरीच्या आरंभी पहिल्या फेरीच्या शेवटाचे गुंजन आधीच मिसळलेले असते, त्यामुळे फाइलचा शेवट तिच्याच आरंभाशी स्वाभाविकपणे मिळतो. कापणी २३,०४,००० व्या नमुन्यावर सुरू होऊन ४६,०८,००० व्या नमुन्यावर संपली पाहिजे. हे आकडे सेकंदांत पाहू नयेत, वेळपट्टी नमुन्यांवर लावून पाहावे.

तपासणी: नव्या रिकाम्या प्रकल्पात हीच फाइल दोनदा एकामागे एक ठेवावी आणि जोडाच्या चार सेकंद आधीपासून डोळे मिटून ऐकावे. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बसवून 'जोड आला की हात वर कर' असे सांगावे. हात बरोबर जागी वर गेला तर सहाव्या टप्प्यातला एलएफओ, फेज आणि डिले पुन्हा पाहावेत. चूक जवळजवळ नेहमी तिथेच सापडते.

टप्पा ९: पातळी, फाइल आणि गेममधली परीक्षा

आवर्तनाची सरासरी पातळी मी उणे २० एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आसपास आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या आत ठेवतो. मोजण्यासाठी युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरते. तिन्ही ठिकाणांच्या फाइली एकाच पातळीवर असाव्यात, नाहीतर गावातून रानात शिरताच खेळणाऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो.

गेमसाठी एमपी३ देऊ नये. त्या प्रकारात फाइल बनताना आरंभी आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते, आणि आठव्या टप्प्यातली सर्व मेहनत त्या इवल्या फटीत वाया जाते. ओजीजी या प्रकारची संकुचित फाइल द्यावी, १६० केबीपीएसला (सेकंदाला १६० किलोबिट) ४८ सेकंदांचे आवर्तन सुमारे १ एमबीचे होते, तर मूळ वेव्ह फाइल जवळपास १४ एमबीची असते. ती वेव्ह फाइल मात्र स्वतःजवळ दोन ठिकाणी जपावी.

गोडो या मोफत गेम इंजिनात फाइल आणल्यावर इम्पोर्टच्या खिडकीत लूप चालू करून रीइम्पोर्ट दाबावे लागते. हे राहून गेल्यामुळे संगीत एकदाच वाजून बंद पडते आणि दोष फाइलला दिला जातो. गोडो ४.३ पासून ऑडिओस्ट्रीमइंटरॅक्टिव्ह हा प्रकार मिळतो, ज्यात पुढच्या बारावर दुसऱ्या संगीतात जाण्याची सोय आहे. रानातून गढीत जाताना ती वापरावी, म्हणजे आधारस्वर मात्रेच्या मध्येच सरकत नाही. यासाठी फाइलच्या नोंदीत बीपीएम ८० आणि बारातल्या मात्रा ४ असे भरून ठेवावे.

शेवटची परीक्षा खेळूनच करायची. रानाच्या भागात वीस मिनिटे, मोबाइलच्या स्पीकरवर, कुलर चालू ठेवून खेळावे आणि जवळ वही ठेवावी. जिथे कान संगीताकडे वळला ती वेळ मिनिट-सेकंदांत लिहावी. एकाच आवाजामुळे तीन फेऱ्यांत तीन नोंदी झाल्या तर तो स्वर, ती घंटा किंवा तो एआयचा अंश काढून टाकावा, मग तो कितीही आवडता असो, आणि आठव्या टप्प्यापासून फाइल पुन्हा काढावी. माझ्या रानाच्या संगीतातून पहिल्या परीक्षेनंतर सातपैकी चार घंटा गेल्या आणि बासरी निम्मी झाली. फाइलच्या नावात ठिकाण, लय, सा आणि आवृत्तीचा क्रमांक घालावा, जसे 'रान-८०-एफ-०३', आणि गेम करणाऱ्या मित्राला फाइलसोबत हक्कांच्या नोंदीच्या पानाचा फोटोही पाठवावा.